आत्याच्या गोष्टीतली रिकामी जागा

गोष्ट सांगता सांगता आत्या थांबली. आता ऑर्विलने हुंकार द्यायचा होता.

तो तिच्या समोरच बसला होता, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. मधल्या स्टुलावर त्याच्या भाचीचा, शेल्बीचा टेपरेकॉर्डर फिरत होता. शेगडीत ओलं लाकूड फुसफुसत होतं, बाहेर नदीच्या मुखाशी लाटांचा रोजचा धबडगा चालला होता. आणि आल्बर्टा आत्या, जिला गेल्या उन्हाळ्यापासून डोळ्यांनी काही म्हणजे काही दिसत नव्हतं, मान जराशी वाकडी करून वाट बघत होती.

ऑर्विलने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा निघाली, पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघावी तशी.

"मामा, दे ना!" शेल्बी कुजबुजली.

ऑर्विलने गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"अरे देवा. आजच?"

झालं होतं असं, की आदल्या दिवशी डुएनच्या होडीचं इंजिन भर नदीमुखात बंद पडलं. समुद्र खवळलेला, होडी खडकांकडे निघालेली, आणि डुएन होडीत उभा राहून इंजिनला लाथा घालतोय. ऑर्विल धक्क्याच्या टोकाला धावला आणि तिथून लाटांच्या वर आवाज काढून ओरडत राहिला, "लाथा काय घालतोस गाढवा, आधी चोक ओढ! चोक! लाल दांडी रे, लाल!" बऱ्याच वेळाने डुएनला लाल दांडी सापडली. डुएनचं इंजिन चालू झालं आणि ऑर्विलचा घसा बंद पडला. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे झालं असतं तर गावाने हसून सोडून दिलं असतं. ऑर्विल बोलला काय, न बोलला काय, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बोलण्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

पण आज अडलं होतं. आम्ही क्विलीयूट, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी; आमच्यात गोष्टी सांगायच्या त्या हिवाळ्यात. सांगणारा थांबला, की ऐकणाऱ्याने आपल्या भाषेतला 'हो' म्हणून हुंकार द्यायचा. तो आला की पुढचं वाक्य. नाही आला तर समजायचं की मंडळी झोपली, आणि गोष्ट तिथेच थांबवायची. मग ती उद्या पुढे सुरू होत नाही. त्या हिवाळ्यापुरती ती गेली. बाकी घरांचं मला माहीत नाही, आल्बर्टा आत्याच्या घरात तरी हाच कायदा होता, आणि तिच्यापुढे तोंड वर करून बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यात त्या सकाळी बेटापलीकडे देवमाशांचे फवारे दिसले होते. देवमासे उत्तरेला निघाले की हिवाळा संपला. म्हणजे ही शेवटची गोष्ट, आणि आज नाही झाली तर पुढच्या हिवाळ्यात. आत्याला पुढचा हिवाळा नव्हता. हे गावाला ठाऊक होतं आणि आत्यालाही.

आत्याच्या गोष्टी जपून ठेवायला शेल्बीने पहिल्यांदा यंत्र आणलं, तेव्हा ते आत्यासमोर ठेवून ती शहाण्यासारखी खोलीबाहेर जाऊन उभी राहिली होती. आत्या दोन वाक्यं बोलली, थांबली, पुन्हा थांबली, मग ओरडली, "अगं ए, तुझं हे डबडं झोपलं की काय?" तेव्हापासून ऑर्विलला बोलवायला लागले. तो कामाच्या कपड्यांतच यायचा, समोर बसायचा आणि हुंकार द्यायचा. तेवढंच त्याचं काम.

आणि ते दुसऱ्या कुणाला जमण्यासारखंही नव्हतं. हुंकार काय, शेल्बीसुद्धा देऊ शकली असती. एकदा तिने दिलाही. पण आत्या लगेच म्हणाली, "ही न समजता 'हो' म्हणतेय. घालवा हिला." समजून 'हो' म्हणणारा ऑर्विल एकटाच उरला होता.

तोही अर्धाच. ऑर्विलच्या बापाला लहानपणी सरकारने दूरच्या निवासी शाळेत नेलं होतं, आणि तिथे आपल्या भाषेत बोललं की मार पडायचा. बाप परत आला तो घरात इंग्रजी घेऊन. आजी मात्र आपल्या भाषेशिवाय दुसरं काही बोलायचीच नाही. लहानगा ऑर्विल तिच्या मांडीवर वाढला, त्याला सगळं समजायचं. एकदा जेवताना त्याने आजीकडे तिच्याच भाषेत मासा मागितला. बापाने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. मारलं नाही, ओरडलाही नाही. नुसता हात ठेवला, आणि त्याचा हात थरथरत होता. पोराने पुन्हा कधी मागितलं नाही. हिवाळ्यात आजी गोष्ट सांगायला बसली, की तेवढा हुंकार द्यायची परवानगी होती. अख्ख्या भाषेतला एक शब्द त्याच्या वाट्याला आला, आणि साठी ओलांडेपर्यंत त्याने तोच वापरला. बाकी सगळं त्याच्या कानात होतं, जिभेवर काही नव्हतं. आत्या चिडवायची, "ऑर्वी, तुला देवाने कान दिले सशाचे आणि तोंड दिलं शिंपल्याचं."

तर आता शिंपलाही मिटला होता.

आत्याची गोष्ट अगदी मोक्यावर आली होती. एक माणूस होडी घेऊन देवमाशामागे गेला, वादळात सापडला, परक्या किनाऱ्याला लागला आणि फार दिवसांनी परत आला. आमच्याकडे होडी किनाऱ्याला थेट लावत नाहीत. थोडं अलीकडे थांबायचं, कोण कुठचे ते ओरडून सांगायचं, आणि किनाऱ्यावरून 'या' अशी हाक आली की मगच पाण्याबाहेर पाय ठेवायचा. स्वतःचं गाव असलं तरी इतक्या दिवसांनी आलेल्याने विचारायचंच. तो माणूस थांबला. त्याने आपलं नाव ओरडून सांगितलं. किनाऱ्यावर चुलीचा धूर नव्हता, कुणी दिसत नव्हतं.

इथे आत्या थांबली होती.

लाकूड फुसफुसलं. टेप फिरत राहिली. आत्याच्या चेहऱ्यावरचा गोष्टीचा रंग हळूहळू उतरला, आणि तिथे एक म्हातारी बाई दिसायला लागली, अंधारात बसलेली. ती वेगळ्याच, बारीक आवाजात आपल्या भाषेत म्हणाली, "कुणी आहे का? का सगळे गेले?"

शेल्बीला ते कळलं नाही. ऑर्विलला कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले. मी इथे आहे, हे सांगायला त्याच्याकडे आवाज नव्हता. खरं सांगायचं तर आवाज असता तरी शब्द बाहेर पडले असते की नाही, कोण जाणे. त्याने पुढे वाकून आत्याचा हात धरला आणि तिचा तळवा एकदा दाबला.

आत्या दचकली. तिने त्याच्या बोटांवरून बोटं फिरवली, तो हात नाकाशी नेला आणि खुदकन हसली. "हा माणसाचा हात आहे की इंजिन पुसायचं फडकं? बरं. दाब मग. दाबत राहा."

आणि गोष्ट पुढे निघाली. आत्या थांबायची, ऑर्विल तळवा दाबायचा, आत्या पुढे बोलायची. सगळं गाव नदीच्या वरच्या अंगाला हिवाळी घरांत गेलं होतं. मागे राहिली होती एक आजारी मुलगी आणि तिचं कुत्रं. होडीतल्या माणसाने पुन्हा हाक दिली. पाहुण्याला किनाऱ्यावर बोलवायचे थोरामोठ्यांचे शब्द त्या मुलीला येत नव्हते. ती पाण्यापर्यंत गेली आणि नुसतं म्हणाली, "मी आहे. ये." तेवढ्यावर तो माणूस किनाऱ्याला लागला. आत्याने गोष्ट संपवली, ऑर्विलचा हात सोडला आणि शेल्बीला म्हणाली, "आता कॉफी टाक. आणि कालचा सुकवलेला मासा काढ, याच्या घशाला तेल लागू दे."

आत्या गेली ती देवमासे अजून किनाऱ्याजवळ होते तेव्हाच. सगळं गाव जेवायला जमलं. ढोल वाजले, लोक बोलले, तिच्या टोपल्या आणि घोंगड्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. ऑर्विलच्या वाट्याला ते स्टूल आलं. त्याने ते आपल्या शेडमध्ये नेऊन ठेवलं, त्यावर इंजिनाचे सुटे भाग मात्र कधी ठेवले नाहीत.

उन्हाळाभर काम होतं. खेकड्यांच्या होड्या, सॅमन माशांच्या होड्या, सगळ्यांची इंजिनं ऐन वेळी रुसायची आणि सगळ्यांना ऑर्विल हवा असायचा. डुएन तर दर आठवड्याला यायचा आणि शेडच्या दारातून ओरडायचा, "चोक ओढलाय हं, काका! आधीच सांगतो!" ऑर्विल हसायचा. माणसांची काही ददात नव्हती. पण संध्याकाळी हात धुवून तो घरी आला की काय करावं ते त्याला कळत नसे. बायको कधीच टॅकोमा शहरात निघून गेली होती, त्याची तर आता सवय झाली होती. ही गोष्ट वेगळी होती. दर रविवारी तो आत्याकडे जायचा, ती बोलायची, तो ऐकायचा. शेजारणीच्या चहाड्या, हवेला शिव्या, पन्नास वर्षांपूर्वी वाहून गेलेल्या पुलाची चौकशी, सगळं त्या भाषेत. आता ती भाषा जगात कुठेच चालू नव्हती. त्याच्या कानांना कामच उरलं नाही. कधी कधी तो वाळूवर जाऊन उभा राहायचा आणि मनात तिची वाक्यं आठवायचा. पण आठवलेल्या वाक्याला हुंकार कसा देणार? माणूस एकटा पडतो म्हणजे काय होतं, ते त्याला त्या उन्हाळ्यात समजलं.

पाऊस पुन्हा मुक्कामाला आला, हिवाळा लागला, आणि एक दिवस शेल्बी धावतच शेडमध्ये शिरली. ती आता गावच्या मुलांना आपली भाषा शिकवायची, जेवढी तिला येत होती तेवढी. तिच्या हातात एक कॅसेट होती.

"मामा, तुझ्यासाठी! आत्याची शेवटची गोष्ट. पुढच्या आठवड्यात मुलांना ऐकवणार आहे. दोन यंत्रं जोडून नवी कॅसेट केली मी, एकदम साफ. लाकडाचा आवाज नाही, खोकला नाही, काही नाही. महिना गेला त्यात!"

"शहाणी आहेस," ऑर्विल म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

त्याने कॅसेट ट्रकमध्ये लावली, दार ओढून घेतलं आणि काचेवरचा पाऊस बघत बसला. आत्याचा आवाज आला. इतका जवळ, की त्याने चटकन कान पुढे केले. पहिलं वाक्य संपलं. ऑर्विलने हुंकारासाठी तोंड उघडलं, तोवर दुसरं वाक्य सुरू झालं होतं. मग तिसरं. आत्या कुणी मागे लागल्यासारखी पळत सुटली होती. अशी ती जन्मात कधी बोलली नव्हती. होडीतल्या माणसाने हाक दिली, आणि हाकेचा आवाज विरायच्या आत ती मुलगी "मी आहे, ये" म्हणून मोकळी झाली. माणूस थांबलाच नाही. आत्याने कुणाला काही विचारलंच नाही, ती हसली नाही, कुणाच्या हाताला वास आला नाही. ऑर्विल त्या खोलीत कधी नव्हताच.

तो तसाच ट्रक घेऊन शाळेत गेला.

शेल्बी फळा पुसत होती. "ऐकलीस? कशी झालीय?"

"मधलं कुठंय?"

"मधलं काय?"

"ती थांबायची ते."

"अरे मामा, तेच तर काढलं! बाकीच्या कॅसेटवर निदान तुझा आवाज तरी आहे. त्या दिवशी तुझा घसा बसला होता ना? तिथे काहीच नव्हतं. नुसती रिकामी जागा."

"ती माझी जागा आहे," ऑर्विल म्हणाला.

तो इतक्या हळू बोलला की शेल्बीला आधी ते नीट ऐकू आलं नाही. आलं, तेव्हा तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ऑर्विल स्वतःहून काही मागायला आलाय, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मी तिचा हात दाबत होतो, शेल्बी. ती थांबायची तेव्हा. तू होतीस की तिथे."

"होते मामा. माझ्या डोक्यातच आलं नाही रे." ती खुर्चीवर बसली. "आणि ती मधेच काहीतरी पुटपुटली होती, ते गोष्टीतलं वाटलं नाही. मला कळलंही नाही. तेही काढलं."

"मूळची कॅसेट कुठाय?"

शेल्बीचा चेहरा उतरला. नव्या कॅसेट लांबच्या शहरातून आणाव्या लागायच्या, आणि शाळेला त्या कधी पुरायच्या नाहीत. एकदा साफ प्रत झाली म्हणून तिने जुन्या कॅसेट मुलांच्या सरावाच्या खोक्यात टाकल्या होत्या. गेले काही दिवस मुलं त्यांच्यावर गाणी म्हणत होती.

दोघांनी खोकं जमिनीवर पालथं केलं. शेल्बी एकेक कॅसेट लावायची, ऑर्विल ऐकायचा. एकीवर ढोलाचं गाणं. एकीवर दोन पोरांचं भांडण, "माझी पाळी आहे! बाई, हा बघा!" एकीवर मुलं आपल्या भाषेत एक ते दहा मोजत होती, सात विसरून पुन्हा पहिल्यापासून. शेल्बीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "काय करून बसले मी, मामा. शिव्या तरी घाल."

"ऐकू दे," ऑर्विल म्हणाला.

मोजणारी मुलं पुन्हा सातला अडली. कुणीतरी खिदळलं. खट् असा आवाज झाला, आणि मागे लाकूड फुसफुसायला लागलं. लाटांचा धबडगा. आल्बर्टा आत्या म्हणत होती, की किनाऱ्यावर धूर नव्हता, कुणी दिसत नव्हतं.

शेल्बीने हात पुढे करून यंत्र बंद केलं. पुढचं ऐकायची त्या घटकेला दोघांचीही छाती नव्हती.

गोष्टीच्या दिवशी मुलं जमिनीवर घोंगड्या अंथरून बसली होती. शेल्बीने सुरुवात नव्या कॅसेटवरची लावली, कारण जुन्या कॅसेटवरचा तेवढा भाग मुलांच्या आकड्यांखाली पुसला गेला होता. पण या वेळी ती प्रत्येक वाक्यापाशी यंत्र थांबवत होती. मुलांना तिने हुंकार शिकवला होता, आणि तो मोठ्याने द्यायची त्यांच्यात चढाओढ लागली होती. ऑर्विल सगळ्यांत मागे, आपलं स्टूल घेऊन बसला होता. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, हात दोनदा साबणाने धुतले होते. त्याने एकही हुंकार दिला नाही. मुलं देत होती, ती देऊ देत, असं त्याला वाटलं.

मग शेल्बीने कॅसेट बदलली. होडीतल्या माणसाने नाव सांगितलं. किनाऱ्यावर धूर नव्हता, कुणी दिसत नव्हतं. आत्या थांबली.

मुलांनी हुंकार दिला. टेप फिरत राहिली, लाकूड फुसफुसत राहिलं. मुलांनी पुन्हा हुंकार दिला, या वेळी जरा बिचकत. आत्या पुढे बोलेना. मुलं शेल्बीकडे बघायला लागली.

आणि आत्या बारीक आवाजात म्हणाली, "कुणी आहे का? का सगळे गेले?"

ऑर्विल सोडला तर खोलीत एकालाही ते समजलं नाही. शेल्बी खाली मान घालून बसली होती. पुढे काय आहे ते ऑर्विलला ठाऊक होतं. शांतता होती, आणि ती त्याचीच होती. त्याच्या ओठांवर बापाचा तो थरथरता हात अजून तसाच होता, इतक्या वर्षांनीही. तो स्टुलावर सरळ झाला. मग घोगरा, कुणाच्याही ओळखीचा नसलेला आवाज निघाला, आणि तो आपल्या भाषेत म्हणाला, "मी आहे, आत्या. मी आहे."

टेपवर आत्या खुदकन हसली.

ती हसली म्हणून मुलंही हसली. आत्या म्हणाली की हा हात आहे की फडकं, दाब, दाबत राहा, आणि गोष्ट पुढे निघाली. त्यानंतर प्रत्येक थांब्याला मुलांनी हुंकार दिला. मुलगी पाण्यापर्यंत गेली, माणूस किनाऱ्याला लागला, आत्याने कॉफी टाकायला सांगितली आणि कॅसेट खट्कन थांबली. खाऊ म्हणून आणलेल्या पावावर मुलं तुटून पडली.

शेल्बी मागे आली. "मामा, ती तिथे का हसली? काय म्हणाली?"

"माझ्या हाताला तेलाचा वास येतो म्हणाली."

"तू धुतलेस की आज."

"हो," ऑर्विल म्हणाला. "आज धुतलेत."

शेल्बी मुलांना पाव वाढायला गेली. ऑर्विल स्टुलावरच बसून राहिला. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, तळवा वर करून, उघडा.